रात्री दोन वाजता उठणारा विद्यार्थी

दरवर्षी एप्रिल महिना आला की महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रम होतो. मुले भल्या पहाटे ग्रंथालयात येऊन बसतात ती रात्रीच उठतात, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अशा रीतीने अभिवादन करतात. वर्षातून एक दिवस असा जावा यात वावगे काहीच नाही. पुष्पहार घालून घरी जाण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पण हे अठरा तास आपल्या घरांतून मात्र निराळ्याच कामी येतात. बारावीचा किंवा कॉलेजचा मुलगा पुस्तकावर जरा पेंगला, की वडीलधारी मंडळी लगेच बाबासाहेबांचे उदाहरण देतात. जागरण म्हणजेच अभ्यास आणि झोप म्हणजेच आळस, असे समीकरण त्या मुलाच्या मनात तेथेच पक्के होते.

येथे बहरीनमध्येही हे काही वेगळे नाही. फेब्रुवारी-मार्चात केंद्रीय मंडळाच्या परीक्षा जवळ आल्या, की उम्म अल हस्समच्या इमारतींतून मध्यरात्रीनंतरही खिडक्या उजळलेल्या दिसतात. त्यांतल्या काही खिडक्यांमागे अभ्यास चाललेला असतो. काहींमागे पुस्तक उघडे असते आणि हातात मोबाईल असतो. आणि काहींमागे दिवा मालवूनही मूल टक्क जागे असते, हे आईबापांना ठाऊकही नसते. पहाटे शाळेची बस दाराशी आली, की मग घरोघर आरडाओरडा. कॉलेजात गेलेल्या मुलांची बस चुकत नाही, पण सकाळचे तास चुकू लागतात, जेवणाच्या वेळा सुटतात, बोलणे कमी होते. मुलगा आळशी झाला असे आपण म्हणतो. कधी कधी तो आळस नसतो, आजाराची सुरुवात असते.

म्हणून या आठवड्यात आम्ही बाबासाहेबांचे चरित्र जरा निराळ्या बाजूने सांगणार आहोत. त्यांचा महाडचा सत्याग्रह, पुणे करार, राज्यघटना हे सारे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. हा माणूस केव्हा झोपत असे, कोठे झोपत असे, आणि न झोपण्याची किंमत त्याने किती दिली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार, आणि लष्करी शाळेत शिकविण्याचा त्यांचा व्यवसाय. घरात भजन, अभंग, पाठांतर यांचा शिरस्ता होता आणि पहाटे उठणे हा त्या शिरस्त्याचाच भाग. चौदा भावंडांतले हे शेवटचे मूल. आई भीमाबाई लवकरच गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती. हेही वाचकांना माहीत आहे.

साताऱ्याहून हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. भोवती सारी गिरण्यांची वस्ती. भोंगा होईल तेव्हा माणसांनी उठायचे आणि भोंगा होईल तेव्हा परतायचे. खोली एकच. तीतच चूल, तीतच भांडीकुंडी, तीतच जळण, तीतच माणसे. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, आणि उजेडाला बिनकाचेचा तेलाचा दिवा. एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणाऱ्या मुलाने या खोलीत अभ्यास करायचा केव्हा? दिवसभर गडबड, संध्याकाळी चुलीचा धूर, आणि रात्री सगळे झोपले की पाय पसरायलाही जागा नाही.

रामजी सुभेदारांनी त्यावर जो तोडगा काढला, तो आमच्या मते या सबंध चरित्रातला एक मोठाच प्रसंग होय. भिवाने रात्री लवकर झोपायचे. सुभेदारांनी स्वतः जागत बसायचे. रात्रीचे दोन वाजले की त्यांनी मुलाला उठवायचे, दिव्यापाशी बसवायचे, आणि मुलाच्या मोकळ्या झालेल्या जागेवर मग स्वतः अंग टाकायचे. एकच जागा, आणि तिच्यावर दोन माणसांची झोप पाळीपाळीने. पुढे गिरण्यांत पाळ्या लागल्यावर कोकणातून आलेल्या गड्यांनी परळ-लालबागच्या खोल्यांत असेच दिवस काढले. त्यांची पाळी पोटासाठी होती, या बापलेकांची पुस्तकासाठी.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रामजींनी मुलाची झोप तोडली नाही, तिची वेळ बदलली. मुलगा आधी झोपत होता आणि मग वाचत होता. रात्री दोनपर्यंत जागला तो बाप. आपल्या घरांतून हल्ली नेमके याच्या उलट चालते. मूल दोनपर्यंत जागते आणि बाप दहाला घोरू लागतो. आजचे शास्त्र सांगते, की दिवसा शिकलेले झोपेतच मनात पक्के बसते. झोप कापून केलेले पाठांतर दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपत्रिकेपर्यंत कसेबसे पोचते आणि पुढे विरून जाते. सुभेदारांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र आपल्या मुलाला झोप लागते, हे त्यांना ठाऊक होते.

पैशाचीही तीच तऱ्हा. पेन्शन तुटपुंजी. मुलाला पुस्तक हवे असले, की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक विकत घेत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. घरी बसून वाचणे अशक्य झाले की भिवा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तेथे येणारे विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्या नजरेस हा मुलगा पडला आणि दोघांची ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या टक्केवारीच्या दुनियेत या मुलाला कोणत्या कॉलेजने आत घेतले असते, याचा विचार पालकांनी जरूर करावा. परंतु त्या समाजातून त्या काळी एवढे होणे हीच गोष्ट एवढी मोठी होती, की सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली, आणि केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाच्या हाती ठेवले. याच सुमारास रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. भायखळ्याच्या बाजारातील ओटे दिवसा मोकळे नसत, म्हणून बाजार उठल्यावर, रात्रीच्या वेळी.

एल्फिन्स्टन कॉलेजात सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि प्राध्यापक म्यूलर यांनी पुस्तकांची व कपड्यांची मदत केली. १९१२ साली बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी भीमराव बडोद्याच्या नोकरीवर रुजू होतात न होतात तोच सुभेदार आजारी पडल्याचे कळले, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुलगा समोर असताना त्यांनी प्राण सोडला. रात्री दोनला उठविणारे माणूस गेले.

त्याच वर्षी जुलैत सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. वय बावीस. पहिले काही महिने त्यांनी इतर मुलांसारखेच काढले. मित्रांबरोबर हिंडणे, खेळ, बर्फावरून घसरणे, उशिरापर्यंत गप्पा. जन्मात पहिल्यांदाच स्वतंत्र खोली, पहिल्यांदाच सर्वांबरोबर एका मेजावर जेवण, आणि तेथे कोणी जात विचारीत नव्हते. बावीस वर्षांच्या तरुणाने हे दिवस भोगले नसते तर आम्हाला आश्चर्य वाटले असते. मग एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना घरची आठवण झाली, आपल्यासाठी कोणी काय काय सोसले तेही आठवले, आणि त्या रात्रीपासून क्रम बदलला. जे अठरा तास आज सांगितले जातात, त्यांचा आरंभ हा. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ आणि समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम त्यांनी तेथे घेतले, १९१५ साली एम. ए. केले, ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. जेवणाचे पैसे वाचवून जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली ती वेगळीच.

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या झोपेविषयी बोलायचे तर त्या काळची एक सोय आज उरलेली नाही. मुंबई ते न्यूयॉर्क हा प्रवास तेव्हा बोटीने आणि काही आठवड्यांचा. सूर्य रोज थोडा थोडा उशिरा उगवे आणि शरीर आपोआप त्याच्याशी जुळत जाई. आज आपली मुले बहरीनहून संध्याकाळी विमानात बसतात आणि दुसऱ्या दिवशी टोरांटोत किंवा लंडनमध्ये असतात. शरीर मात्र मागेच राहते. ते साधारणपणे दिवसाला एखादा तास या गतीने नव्या वेळेपाशी पोचते. त्यात घरचे फोन येथल्या सोयीने, म्हणजे त्यांच्या अपरात्री. मुलगा पुण्यास असेल तर फरक अडीच तासांचाच. पण येथे रात्रीचे जेवण आटोपून आपण साडेदहाला बोलायला बसलो, की तिकडे एक वाजलेला असतो, हे आमच्यापैकी कितीजणांच्या लक्षात येते?

शरीराचे हे घड्याळ म्हणजे नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. तो सबंध शरीराला दिवस-रात्र सांगतो आणि स्वतः डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर चालतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेंदूत मेलॅटोनिन नावाचे द्रव्य पाझरू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. वयात आलेल्या मुलांमध्ये हे पाझरणे उशिरा सुरू होते. मुलींत साधारण एकोणिसाव्या-विसाव्या आणि मुलांत एकविसाव्या वर्षापर्यंत हे घड्याळ मागे मागे सरकत जाते, आणि मग पुन्हा हळूहळू पुढे येऊ लागते. म्हणजे कॉलेजातला मुलगा रात्री अकराला झोप येत नाही म्हणतो, ते पुष्कळदा खरेच असते. त्यावर डोळ्यांशी धरलेला मोबाईलचा पडदा घड्याळाला आणखी मागे ढकलतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याच कारणासाठी २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली. येथल्या उन्हात शाळा लवकर भरविण्यावाचून इलाज नाही, हे आम्हीही जाणतो. पण मग अलीकडची बाजू तरी सांभाळली पाहिजे. अठरा ते पंचवीस वर्षांच्या माणसाला रोज सात ते नऊ तास झोप लागते, शाळकरी मोठ्या मुलांना आठ ते दहा.

एवढी झोप महिनोन्महिने मिळाली नाही तर काय होते? नुसते डोळे चुरचुरत नाहीत. ज्यांना निद्रानाश जडतो त्यांना पुढे नैराश्याचा विकार होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दुप्पट असते, असे बऱ्याच पाहण्यांतून दिसून आले आहे. उलट बाजूनेही तेच. नैराश्य आले की झोप बिघडते. कोणाची पहाटे तीनलाच मोडते, कोणी दुपारपर्यंत उठतच नाही. कोणते आधी, कोणते नंतर, हे घरच्यांना ओळखता येत नाही आणि ओळखण्याची गरजही नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मुलाची झोप, भूक आणि हौस तिन्ही गेली, तर त्याला डॉक्टरकडे न्यावे; आणि मरणाची भाषा एकदाही तोंडून निघाली, तर दोन आठवडेही थांबू नये. शिकायला भारतात गेलेल्या मुलांसाठी तेथल्या सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही मोफत सेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो मुलांच्या फोनमध्ये असावा. मामाचा नंबर असतो, तसाच.

पुन्हा चरित्राकडे वळू. १९१६ साली भीमराव न्यूयॉर्कहून लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्या वर्षी अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती युद्धात पाणतीराने बुडाली आणि बरीचशी पुस्तके समुद्रात गेली. बडोद्यात नोकरीच्या काळात राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले. मग मुंबईत परत परळ, आता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्या, आणि नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगार ४५० रुपये. त्यातून पै पै बाजूला टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

हे लंडनचे दुसरे पर्व वाचताना कोणाचाही जीव कासावीस व्हावा. सकाळी सहाला उठायचे. घरमालकिणीकडून न्याहारीला पावाचा तुकडा आणि कपभर पेय. तडक ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दुपारचे जेवण नाही, कारण पैसे नाहीत. ग्रंथालय बंद होण्याची वेळ झाली की दुसरे ग्रंथालय. रात्री परतून पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक अनावर झाली, की एका गुजराती ओळखीच्याने दिलेले चार पापड भाजायचे आणि दुधाबरोबर खायचे. मग पहाटेपर्यंत पुन्हा पुस्तक. खोलीत राहणारा मित्र झोपेतून जागा होऊन त्यांना झोपायची विनवणी करी; पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे आहेत, हे त्यावर त्यांचे उत्तर असे. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी. एस्सी. ज्या घरात ते काही काळ राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आमचे जे वाचक मुलांना भेटायला लंडनला जातात त्यांनी ते अवश्य पाहावे.

या माणसाला जागरणाची हौस नव्हती. त्यांच्याकडे तीन वर्षांचे काम होते आणि दोन वर्षांचेही पैसे नव्हते. जो वेळ इतरांना पैशाने विकत मिळतो, तो त्यांना झोपेतून काढावा लागला. ज्या मुलाला स्वतःची खोली आहे, फी भरलेली आहे, वर वातानुकूलन चालू आहे, त्याने तेच केले तर त्यात बाबासाहेबांचे अनुकरण काही नाही.

तिकडे परळला रमाबाई थोडक्या पैशांत घर ओढीत होत्या. या जोडप्याची पाच मुले, त्यांतली चार गेली: गंगाधर, रमेश, इंदू, आणि शेवटी १९२६ साली लाडका राजरत्न. एकटे यशवंतराव उरले. राजरत्नाच्या जाण्यानंतर बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ज्यांना हा पुरुष दगडासारखा वाटतो त्यांनी ते शोधून वाचावे. २७ मे १९३५ रोजी रमाबाईही गेल्या. त्यानंतर काही दिवस बाबासाहेबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले. मुंडन केले, भगवी वस्त्रे अंगावर घेतली, रडत राहिले. लोक भेटायला येत आणि तसेच परत जात. जूनमध्ये सरकारी लॉ कॉलेजच्या प्राचार्यपदाचे काम हाती आले आणि ते पुन्हा कामाला लागले. थोर माणसांच्या चरित्रांतून हे दिवस गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्हाला पसंत नाही. एवढा मोठा माणूस दार लावून रडू शकतो, हे आमच्या कॉलेजातल्या मुलांना कळले तर त्यांचे काही बिघडणार नाही. दार लावले तरी बाहेर लोक थांबलेले होते, हेही त्यांना कळावे.

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. तेथे रात्री वाचायला बसले की सकाळची वर्दळ सुरू झाल्यावरच त्यांना दिवस उगवल्याचे कळे. सवय जडली ती जडलीच. आता पैशाची तशी ओढ नव्हती, तरी रात्र हाताशी आल्यावर ती सोडणे त्यांना जमले नाही.

मात्र दुसऱ्यांच्या तासांचा हिशेब करताना ते फार वेगळे वागले, आणि आमच्या मते त्यांचे खरे मत तेथे पाहावे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. परळच्या भोंग्यांखाली वाढलेल्या मुलाने त्या भोंग्यांची वेळ कमी केली, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

त्याच वर्षी २० जून रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यांनी आदल्या वर्षी, ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केली होती. एल्फिन्स्टनमधले संस्कृतचे नामांकित प्राध्यापक अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर पहिले प्राचार्य झाले. या कॉलेजचे वैशिष्ट्य असे, की वर्ग सकाळी भरत. मुलाने सकाळी शिकायचे, मग कचेरीत नोकरीला जायचे, आणि रात्री घरी यायचे ते दिवसाचा अभ्यास पदरात पाडून. कारकुनी करणारी, मुंबईत खोलीचा कोपरा भाड्याने घेऊन राहणारी शेकडो मुले तेथे पदवीधर झाली. आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरी सिद्धार्थमधून शिकलेले वडील वा आजोबा असतील. त्यांना त्या सकाळच्या तासांविषयी जरूर विचारावे. नोकरी करून शिकणाऱ्याला रात्र उरावी, अशी सोय झाली. रात्री दोनला दिव्यापाशी बसलेल्या मुलाने सुमारे चाळीस वर्षांनी कॉलेज काढले आणि त्याचे वेळापत्रक असे आखले.

स्वतःची रात्र मात्र हातची गेली होती. मधुमेह बरीच वर्षे अंगात मुरलेला. १९४७-४८ साली, म्हणजे घटनेच्या मसुद्याचे काम ऐन भरात असताना, पायांत असह्य कळा येत, इन्सुलिन चालू, आणि झोप लागेनाशी झालेली. जो मनुष्य चाळीस वर्षे झोपेला दूर लोटीत आला, त्याला ती हवी तेव्हा येईना. आयुष्यभराच्या जागरणानेच मधुमेह झाला असे एका माणसाच्या बाबतीत कोणताही वैद्य छातीठोकपणे सांगणार नाही, आणि आम्हीही सांगत नाही. अपुऱ्या झोपेने मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, एवढे मात्र आज सिद्ध झालेले आहे. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्या पुढे सविताबाई किंवा माईसाहेब म्हणून ओळखल्या गेल्या. पथ्यपाणी, सुया, विश्रांतीच्या वेळा हे सारे त्यांनी हातात घेतले. मध्यंतरी मन रमवायला बाबासाहेब व्हायोलिन शिकू लागले होते, बागेचाही नाद होता. तरीही टेबलावरचा दिवा जळतच राही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस जाऊन ते दिल्लीस परतले तेव्हा प्रकृती अगदी खालावलेली होती. ५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी त्यांचे पाय चेपले, डोक्याला तेल लावले. बाबासाहेब बुद्धवंदना गुणगुणत होते. मग त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद उशाशी मागवून घेतले, रात्री ते तपासायचे म्हणून. रत्तू घरी गेले. ६ डिसेंबरच्या सकाळी माईसाहेब उठवायला गेल्या तेव्हा कळले, की झोपेतच केव्हातरी प्राण गेला आहे.

त्याच रात्री विमानाने त्यांना मुंबईस आणले, राजगृहात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तो ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने छापून बाहेर काढला.